आभाराचा गुरुवार

गुरुवारी सकाळी धुकं एवढं दाट उतरलं होतं, की ओढ्यापलीकडचं बोरसोंड गाव रातोरात कुणी उचलून नेलं की काय असं वाटावं. सुवार्ता परसातल्या चुलीपुढं बसून हुग्गी ढवळत होती. कांडून सडलेले गहू मऊ शिजले होते, गूळ विरघळला होता, वरून खोबरं आणि वेलदोडा पडला होता. द्राक्षांच्या ओळी परसाला लागूनच होत्या आणि तारांवरून दव टपटप गळत होतं. अशा सकाळी माणूस जागा आहे की झोपेतच कामं उरकतोय, त्याचं त्यालाच कळत नाही. सुवार्ताला तर रविवारपासून असंच झालं होतं. हात कामात असायचे आणि मन कुठल्या कुठं भटकून यायचं.

आज ती ओढा ओलांडणार होती.

तसा ओढा ती रोजच ओलांडायची. पलीकडं प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांच्या मिशन वस्तीवर तिची आई बयाबाई एकटी राहायची. तिला न्हाऊ-खाऊ घालायला सुवार्ता सकाळ-संध्याकाळ जायची आणि सासरच्यांनी त्याला कधी हरकत घेतली नव्हती. पण आभाराच्या गुरुवारी नाही. अलीकडच्या रोमन कॅथलिक वस्तीवर सून होऊन आली, तेव्हापासून त्या एका दिवशी तिनं पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी आईकडं शेजारची दिलशाद बघायची.

आता हा आभाराचा गुरुवार म्हणजे काय, ते बोरसोंडच्या बाहेरच्या माणसाला सांगायचं तर पंचाईतच. पार तासगावपर्यंत कुणाला त्याचा पत्ता नाही. पणज्यांच्या काळी एक मोठा दुष्काळ सरल्यावर मिशनच्या अमेरिकन साहेबानं तो सुरू केला. त्याच्या मुलखात नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारी असाच सण करतात म्हणे, आणि त्या दिवशी कसलासा मोठा पक्षी भाजतात. आत्ताच्या सरपंचाच्या, जैन बाळगोंडा पाटलाच्या पणज्यानं साहेबापुढं हात जोडले. सायेब, पक्षी उडू द्या, हंडी आमी घालतो, म्हणाला. तेव्हापासून घरोघरची बिनकांद्याची हंडी शाळेच्या पटांगणात येते. आपल्या घरच्या हंडीतलं आपण खायचं नाही, दुसऱ्याच्या हंडीतलं खायचं, हा पहिला नेम. दुसरा नेम असा, की देवाचे आभार ज्यानं त्यानं आपापल्या देवळात मानावेत, पटांगणात माणसाचे मानायचे. एकानं उभं राहायचं, गावातल्या एका माणसाचं नाव घ्यायचं आणि का ते सांगायचं. ज्याचं नाव निघेल त्यानं बोलणाऱ्याच्या हंडीतला पहिला घास घ्यायचा, मग बाकीची झाकणं निघायची. आणि पुढच्या साली बोलायचा मान त्याचा.

साहेब गेला, पाद्री आले नि गेले, सण गावानं ठेवून घेतला. ग्रामपंचायत मांडव घालते, शाळेला सुट्टी असते. जैन येतात, मुसलमान येतात, धनगरवाड्यावरचे येतात. येत नाहीत ते फक्त रोमन वस्तीवरचे ख्रिस्ती. येशूला मानणारे अर्धे घरात आणि बाकी सगळं गाव पटांगणात, हे बघून नवे आलेले ग्रामसेवक हसायचे. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. परक्याचा सण असला की माणूस मजेनं जातो, भावकीचा असला की आधी भांडण आठवतं.

भांडण जुनंच होतं. सुवार्ताचे सासरे पास्कल आबा ते असं सांगायचे, की जणू परवाच घडलंय. आबांचे वडील मिशनच्या बागेत माळी होते. ते कॅथलिक झाले तसं साहेबानं त्यांना बागेतून काढलं आणि राहतं घर रिकामं करायला लावलं. त्याच आठवड्यात गुरुवार आला. बायको-पोरं ओढ्याअलीकडं बाभळीखाली बसलेली आणि पलीकडून पेटी-तबल्यावर आभाराची गाणी ऐकू येत होती.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची उपासना झाल्यावर सुवार्तानं पटांगणात जायचा विषय काढला, तेव्हा आबांनी हेच पुन्हा सांगितलं. अंगणात बाजेवर बसले होते. ऐंशी ओलांडलेली, पण पाठ अजून ताठ. नवरा अंतोन खांबाला टेकून उभा होता. अंतोन म्हणजे दोन्हीकडचं ऐकून घेणारा आणि कुणाकडचंच न बोलणारा माणूस. नणंद रोझा साताऱ्याहून माहेरी आली होती. ती शाळेत शिकवायची आणि धर्माच्या बाबतीत बापापेक्षा काकणभर सरसच कडक होती.

सुवार्तानं आडवळण घेतलं नाही. गेल्या साली दिलशादनं पटांगणात बयाबाईचं नाव घेतलं होतं. बयाबाईनं उभा जन्म मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढला, दिलशादच्या अडलेल्या बाळंतपणात दोन्ही जीव तिनंच वाचवले, म्हणून. तेव्हा म्हातारीनं केवढ्या तोऱ्यात घास घेतला होता, हे गाव सांगतं. म्हणजे यंदा बोलायचा मान बयाबाईचा. आणि या वर्षभरात तिची आठवण वाळूसारखी ओघळून गेली होती. कधी लेकीला ओळखायची, कधी दवाखान्यातली बाई समजून पेशंट कसा आहे म्हणून विचारायची. शेगडी पेटती ठेवून निघून जायची, म्हणून दिलशादनं तिच्या घरातली गॅसची टाकीच उचलून नेली होती. ती काय उभी राहून बोलणार? आणि सुवार्ता एकुलती एक. ती नाही बोलली तर बयाबाईच्या नावाची हंडी झाकलेलीच परत जाणार, आणि असं गावात आजवर कधी झालं नव्हतं.

"आबा, फुडच्या साली आई कुणाला वळखंल का न्हाई, ठावं न्हाई," सुवार्ता म्हणाली. "ती जाग्यावर हाय तवर तिचा मान पुरा व्हावा, एवढंच म्हणतीया मी."

आबा बागेकडं वळले. मग म्हणाले, "आमचं आभार रोज मिस्सात असतंय. वर्सातनं एकदा हंडी घालून मानायला, आमाला देव काय वर्सातनं एकदाच आठवत न्हाई."

रोझानं मान डोलावली. नुसती मान डोलावून थांबेल तर ती रोझा कसली. तिनं तिथंच फादरना फोन लावला आणि आबांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. फादर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. तिथं प्रभूभोजन असतं का, त्यांनी विचारलं. नसतं. कुठली शिकवण वाचतात का? नाही. मग काय असतं? हुग्गी असते, रोझा चाचरत म्हणाली. फादर हसले. गावचा दिवस आहे, जाऊ द्या की, आणि जमलं तर माझ्यासाठी वाटीभर ठेवा, म्हणाले. रोझाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"फादर ल्हान हायत अजून," आबा म्हणाले आणि काठी घेऊन उठले. दारापाशी पोचल्यावर मागं न वळता म्हणाले, "जायाचं तर जा. मी आडवणार न्हाई. पण त्या दिशी माझं ताट वाढू नगंस."

त्यानं सुवार्ताच्या काळजाला जो चटका बसला, तो अजून होता. आबा रागावले असते, ओरडले असते तर तिनंही दोन शब्द सुनावले असते. पण सासू गेल्यापासून म्हातारा तिच्याच हातचं जेवत होता. आज उपाशी राहणार होता, आणि ती गावाला जेवू घालायला निघाली होती. आईचा मान राखावा तर सासऱ्याचा घास जातो, आणि घास राखावा तर आईचा मान. चार रात्री तिनं यातून वाट शोधली. वाट एकच दिसत होती आणि तिच्यावर पाय टाकायची भीती वाटत होती. कुणाचं नाव घेणार, हे तिनं अंतोनलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ऊन वर आलं तसं धुकं बागेतून हळूहळू उठायला लागलं. अंतोननं हंडी डोक्यावर घेतली आणि ओढ्यापर्यंत आला. फरशी-पुलाच्या अलीकडच्या टोकाला त्यानं ती उतरवली, आणि पुढं जावं की न जावं अशा तऱ्हेनं उभा राहिला. मागून रोझा आलीच होती. मी नुसती बघायला येतेय, तिनं बजावून सांगितलं. हंडी एकट्या सुवार्ताच्यानं उचलेना, तेव्हा तीच पदर खोचून पुढं झाली आणि म्हणाली, धरा वहिनी, उगाच सांडाल. अशा रीतीनं नुसतं बघायला निघालेली रोझा हंडीचा एक कान धरून पटांगणात शिरली.

पटांगण बघून सुवार्ताचे डोळे भरले. सगळं तसंच होतं. लिंबाखाली हंड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीच्या गळ्याला त्या त्या घरच्या लुगड्याची चिंधी बांधलेली. पेटी सूर धरून होती. धुक्याचे पुंजके अजून कौलांवर रेंगाळत होते आणि त्यातून माणसं येताना आधी नुसत्या सावल्या दिसायच्या, मग ओळखीचे चेहरे. आपण लहान आहोत आणि आई पांढऱ्या लुगड्यात आपला हात धरून चाललीय, असं तिला क्षणभर वाटलं. मग दिसलं, की आई तर खुर्चीत बसलीय, शाल गुंडाळून, आणि दिलशाद तिचे केस सारखे करतेय. गाणं लागलं तशी बयाबाई गायला लागली. लेकीचं नाव विसरलेल्या म्हातारीला गाण्याचा एक शब्द चुकत नव्हता.

गाणी संपली. सरपंच बाळगोंडा पाटलानं बयाबाईच्या घरचं कोण बोलतंय म्हणून विचारलं. सुवार्ता उठली.

ती म्हणाली, मी बयाबाईची लेक. आईला बोलवत नाही म्हणून तिच्या जागी मी उभी आहे. मी ज्याचं नाव घेणार तो माणूस इथं नाही. मग तिनं नाव घेतलं, "पास्कल आबा. माझं सासरं."

पटांगणात चुळबुळ झाली. रोझानं झटकन वर बघितलं. सुवार्ता आता कुणाकडंच बघत नव्हती. लग्नानंतरचा पहिला गुरुवार कसा गेला, ते ती सांगत होती. पलीकडून गाणी सुरू झाली तशी ती अलीकडच्या काठावर धुणं घेऊन बसली. पण काठालाच आबांची विहीर, तिच्यावरच्या मोटारीची घरघर एवढी, की गाण्यातलं अक्षर कानी पडेना. ती तोंडात पदर कोंबून रडली. आणि रडता रडता मोटार बंद पडली. लाईट गेली, आबा म्हणाले. पुढच्या साली गाणी सुरू झाली, पुन्हा लाईट गेली. दर साली त्याच वेळी जायची, बाग कितीही तहानलेली असो.

"शुक्रवारी मी आबांचा सदरा धुवाया घ्यायची," ती म्हणाली, "तवा खिशात मोटारीचं फ्यूज असायचं. दर साली. मी ते धुतलेल्या सदऱ्याखाली झाकून परत ठेवायची. त्येनी कधी इचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई. मला हिकडं येऊ दिलं न्हाई त्येनी, पर गाणं मातुर पोचू दिलं. त्येचं आभार मानायचं हायत मला."

ती खाली बसली. आता नेमाप्रमाणं आबांनी येऊन घास घ्यायला हवा होता, आणि ते तर घरी उपाशी बसलेले. तोवर एकही झाकण निघणार नव्हतं. बाळगोंडानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. कुणी जावं बोलवायला, तो म्हणाला, आपलं कुणाचं ते ऐकायचे नाहीत.

"मी जाते," रोझा म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "आमच्याच घरात एवढं होतं आणि आम्हालाच माहीत नाही. आणते मी त्यांना."

मग वाट बघणं सुरू झालं. हंड्यांचे वास उन्हात मिसळून सगळीकडं पसरले. पोरं भुकेनं किरकिरायला लागली तसं पेटीवाल्यानं पुन्हा एक गाणं धरलं. सुवार्ता आईच्या पायाशी बसली होती. आता काय व्हायचं ते होवो, असं तिनं मनाशी म्हटलं, पण डोळे ओढ्याकडंच लागले होते. आबा आले नाहीत तर आईची हंडी तिच्याच बोलण्यानं बंद राहणार होती. असल्या वेडेपणाला काय म्हणावं, ती स्वतःलाच बोल लावत होती. बयाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत, नव्या पेशंटला सांगावं तसं सांगत होती, घाबरू नको, सकाळपर्यंत बरं वाटेल.

द्राक्षांच्या ओळींमधून उरल्यासुरल्या धुक्यात तीन सावल्या दिसल्या. पुढं काठी टेकत आबा, अंगात मिस्साला घालायचा पांढरा सदरा. मागं रोझा, आणि तिच्या मागं, ओढ्यावर अडून राहिलेला अंतोन. सगळं गाव उठून उभं राहिलं. आबांनी कुणाकडं बघितलं नाही. पटांगणाच्या कडेला वहाणा काढल्या, छातीवर मोठा क्रूस केला आणि सरळ हंडीपाशी आले. सुवार्तानं वाटी भरून पुढं केली.

आबांनी वाटीत बघितलं, हुग्गीला लागलेल्या धुराचा वास घेतला आणि हात मागं घेतला.

"गहू कुणाचा ह्यो?" त्यांनी विचारलं.

सुवार्ता म्हणाली, "आपलाच, आबा."

"आन शिजला कुठं? माझ्या चुलीवं. मग ही माझ्या घरची हंडी झाली. आपल्या घरच्या हंडीतलं आपुन खायाचं न्हाई. नेम म्हंजे नेम."

आईच्या घरात गॅस नाही, म्हणून सुवार्तानं सासरच्या परसात हुग्गी घातली होती. एवढी चार रात्री जागली, पण हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मग बाळगोंडा पाटील हळूहळू हसायला लागला. "आवं आबा," तो म्हणाला, "जल्मात कवा हिकडं फिरकला न्हाईसा, आन नेम आमच्यापरीस तुमालाच पाठ?" हशा असा उसळला, की लिंबावरची पाखरं उडाली. आबांचे कान लाल झाले. म्हणजे रोमन वस्तीची हंडी पहिल्यांदा पटांगणात आली म्हणायची, कुणीतरी म्हणालं. दिलशादनं तोवर आपल्या हंडीतल्या कण्या वाटीत घालून त्यांच्या हातात दिल्या. आबांनी पहिला घास घेतला आणि झाकणं निघाली.

खाऊन झाल्यावर ते सुवार्ताजवळ आले. तिच्याकडं न बघता, हलक्या आवाजात म्हणाले, "पयल्या साली तुझ्यासाठी काढलं हुतं फ्यूज. फुडं मलाच गाण्याची सवय लागली." सुवार्ता रडता रडता हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या गळ्यात पडावं. पण तशी त्यांच्यात रीत नव्हती.

पुढच्या साली बोलायचा मान तुमचा, बाळगोंडानं जाता जाता आठवण करून दिली. आबा खुर्चीतल्या बयाबाईकडं बघत होते. ती शालीच्या दशा एकेक करून मोजल्यासारखी चाचपत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

"फुडच्या सालावर न्हाई ठेवायचं," आबा म्हणाले.

त्यांनी सुवार्ताच्या हंडीतली हुग्गी स्वतःच्या हातानं वाटीत काढली आणि म्हातारीपुढं गेले. ओढ्याच्या दोन काठांवर दोघांचा जन्म गेला होता, आणि सुवार्ताच्या लग्नाचा दिवस सोडला तर ते कधी एकमेकांशी बोलले नव्हते. आबांनी काठी सुवार्ताकडं दिली. मोठ्या कष्टानं खुर्चीपुढं खाली बसले आणि वाटी तिच्या हातात ठेवली.

"लेक दिलीसा तुमी आमाला," ते म्हणाले. "त्येचं आभार ऱ्हायलं हुतं."

बयाबाईनं हुग्गीचा एक घास खाल्ला. तिला आवडली असावी, कारण तिनं लगेच दुसरा घेतला. मग समोरच्या म्हाताऱ्याला तिनं न्याहाळून बघितलं. ओळख काही लागली नाही. पण पाहुण्याशी चार शब्द गोड बोलावेत, म्हणून ती वाकली आणि शेजारी उभ्या असलेल्या सुवार्ताकडं बोट दाखवून म्हणाली, "मगाशी बोलली ती सून तुमची व्हय? लय चांगली हाय हो."

सुवार्तानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"सून माझी," आबा म्हणाले, "पर लेक तुमची हाय, बयाबाई."

म्हातारी सुवार्ताकडं बघत राहिली. नर्स नवं मूल हातात आल्यावर बघते, तसं तिनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "माझी?" ती म्हणाली. मग वाटीतला पुढचा घास तिनं स्वतःच्या तोंडाकडं नेता नेता वळवला आणि लेकीपुढं धरला.

आपल्या घरच्या हंडीतलं आपण खायचं नाही, हा नेम सगळ्या गावाला पाठ होता. पण सुवार्तानं तोंड उघडलं तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही. आबासुद्धा नाहीत.